गेम कन्व्हेन्शनमधलं पहिलं टेबल: स्वतः छापलेले बोर्डगेम आणि झाइन विकताना

स्वतः डिझाइन करून स्वतःच छापलेला गेम घेऊन कन्व्हेन्शनमध्ये, म्हणजे गेमच्या प्रदर्शनात, पहिल्यांदा विक्रीचं टेबल लावणाऱ्याला आधी प्रश्न पडतो तो प्रतींचा: ५० न्याव्यात की २००? हिशेब प्रतींपासून सुरू केला की हमखास फसतो. मिनिटांपासून सुरू करा.

दोन दिवस, रोज सात तास, म्हणजे ८४० मिनिटं. गेमची किंमत १०० धरा, आणि छपाईपासून घरी पोचेपर्यंतचा खर्च ३०. एका प्रतीमागे ७० सुटतात. टेबलाचं भाडं, प्रवास आणि मुक्काम मिळून २८०० लागले, तर पैसे वसूल व्हायला ४० प्रती खपायला हव्यात. दर २१ मिनिटांना एक. आता डेमो, म्हणजे गिऱ्हाईकाला बसवून गेम थोडा खेळवून दाखवणं, १५ मिनिटांचा आहे आणि डेमोला बसणाऱ्या तीन गटांपैकी एक गट विकत घेतो असं धरा. एका विक्रीला ४५ मिनिटं गेली. ८४० भागिले ४५, जेमतेम १८ प्रती. गेम कितीही चांगला असला तरी हे टेबल तोट्यात जाणार, आणि ते घरी बसूनच कळलं.

डेमो ५ मिनिटांवर आणला की एका विक्रीला १५ मिनिटं लागतात आणि कागदावर ५६ प्रती दिसतात. पण सकाळचा पहिला तास आणि जेवणाची वेळ ओस जाते, काही जण उभ्याउभ्या गप्पा मारून पुढे सरकतात. निम्माच वेळ कामी आला असं धरलं तर २८ प्रती, म्हणजे १९६० हातात आणि ८४० कमी. ही तूट भरायला टेबलावर एखादी छोटी वस्तू हवी. ३० किमतीचं आणि २० सुटणारं झाइन, म्हणजे स्वतः छापलेली पातळ पुस्तिका, असेल तर ४२ नगांत ती भरते, आणि झाइनला डेमो लागत नाही. माणूस चाळतो, घेतो, जातो.

तिघं एकत्र डेमोला बसली म्हणून तीन विक्र्या धरू नका. ती बहुतेक एकाच घरातली किंवा एकाच गटातली असतात आणि एकच प्रत घेतात. स्वतःच्या आकड्यांनी हा हिशेब मांडून झाल्यावरच अर्जाकडे वळा.

कुठे टेबल घ्यायचं

जर्मनीत एसेनला १९८३ पासून भरणारं श्पील किंवा १९६८ मध्ये अमेरिकेतल्या लेक जिनिव्हा गावात सुरू झालेलं आणि आता इंडियानापोलिसला भरणारं जेन कॉन, ही नावं ऐकून हुरळून जायला होतं. दोन्ही चार-चार दिवस चालतात. तिथे येणारे बरेच जण काय घ्यायचं याची यादी आधीच करून आलेले असतात, आणि त्या यादीत नसलेल्या नावाला मोठमोठ्या स्टॉलच्या गर्दीत आवाज उरत नाही. पहिलं टेबल एक-दोन दिवसांच्या, एका हॉलमध्ये मावणाऱ्या प्रदर्शनात लावा. मुक्कामाचा खर्च वाचला तर वसुलीचा आकडा एकदम खाली येतो.

गेम कोणता आहे त्यावर जागा ठरवा. पत्त्यांचा १५ मिनिटांचा खेळ सर्वसाधारण हस्तकलेच्या बाजारातही खपतो, कारण तो भेट म्हणून घेता येतो. रोलप्लेइंगचं, म्हणजे पात्रांच्या भूमिका घेऊन गोष्ट रचत खेळायच्या खेळाचं, झाइन तिथे कोणी उचलत नाही. ते चित्रकारांच्या आणि झाइनवाल्यांच्या मेळ्यात किंवा रोलप्लेइंग खेळणाऱ्यांच्या कन्व्हेन्शनमध्येच न्यावं. दोन तासांचा, लाकडी सोंगट्यांनी भरलेला मोठा गेम फक्त गेमच्या प्रदर्शनात चालतो.

टेबल नक्की करण्याआधी एकदा नुसतं प्रेक्षक म्हणून तिथे जाऊन यावं, शक्यतो दुपारी तीनच्या सुमारास. हातात पिशव्या किती जणांच्या आहेत ते बघा. गर्दी भरपूर आणि पिशव्या रिकाम्या असतील तर ते खेळायला येणाऱ्यांचं कन्व्हेन्शन आहे, विकत घेणाऱ्यांचं नाही.

अर्ज भरताना

मोठ्या ठिकाणचे अर्ज सहा ते दहा महिने आधी निघतात, लहान ठिकाणी दोन-तीन महिनेही पुरतात. भाड्याचा आकडा सगळे बघतात. खालच्या गोष्टी मात्र विचाराव्या लागतात, त्याही लेखी.

– टेबलाची लांबी, रुंदी, उंची. सहा फुटी टेबल साधारण १८३ × ७६ सेंटिमीटरचं असतं. अर्धं टेबल म्हणजे ९० सेंटिमीटर, त्यात डेमो बसत नाही.
– खुर्च्या किती आणि प्रवेशपास किती. एकच पास असेल तर दुसऱ्या माणसाचं तिकीट खर्चात धरा.
– टेबलासमोर, लोकांच्या वाटेवर खुर्ची ठेवता येते का. बऱ्याच हॉलमध्ये अग्निशमनाच्या नियमामुळे येत नाही, आणि मग उभ्याने खेळता येईल असा डेमो लागतो.
– मागे भिंत आहे की दुसऱ्याचं टेबल. बॅनर किती उंच चालतो.
– विजेची सोय भाड्यात आहे की वेगळी.
– सामान आत न्यायची वेळ, गाडी कुठपर्यंत जाते, आणि संपायच्या आधी आवरायला परवानगी आहे का.
– जबाबदारीचा विमा (तुमच्या टेबलामुळे कोणाला इजा झाली तर भरपाई देणारा) आणि तात्पुरता विक्री परवाना लागतो का.

जागा निवडायला मिळाली तर प्रवेशद्वाराजवळचं टेबल घेऊ नका. आत शिरलेला माणूस पहिल्या काही टेबलांवरून ‘आधी सगळं बघू, मग येऊ’ म्हणत निघून जातो आणि परत येत नाही. रांगेच्या टोकाचं टेबल उत्तम, दोन बाजूंनी माणसं येतात. खुल्या खेळाच्या, म्हणजे कोणीही बसून खेळावं म्हणून ठेवलेल्या टेबलांजवळचं त्याच्या खालोखाल. लाउडस्पीकरखालचं टेबल फुकट मिळालं तरी नको. दिवसभर ओरडून नियम सांगितले की दुसऱ्या दिवशी घसा बसलेला असतो.

किंमत

छापलेल्या प्रतीच्या एकूण खर्चाच्या अडीच ते तीनपट किंमत लावली तर समोरासमोरच्या विक्रीत भागतं. पण कधीतरी दुकानातून विकायचा विचार असेल तर आत्ताच थांबून बघा. दुकानदार छापील किमतीवर ४० ते ५० टक्के सूट मागतो, वितरक मध्ये आला तर ६० टक्क्यांच्या आसपास. त्यासाठी किंमत खर्चाच्या निदान पाचपट लागते. प्रदर्शनात तिपटीने विकून पुढच्या वर्षी दुकानात पाचपट लावली की पहिले गिऱ्हाईकच नाराज होतात.

किंमत एका किंवा दोन नोटांत बसेल अशी ठेवा. १९ ऐवजी २०, ४८ ऐवजी ५०. कर लागत असेल तर तो किमतीतच धरा, वर वेगळा सांगू नका. आणि प्रत्येक वस्तूवर किंमत लिहा, लांबून वाचता येईल अशी. भाव विचारायला लाजणारा माणूस विचारत नाही, नुसता पुढे जातो, आणि तो गेला हे तुम्हाला कळतही नाही.

टेबलावर तीन पायऱ्या असाव्यात: सहज घेता येईल असं काहीतरी (झाइन, फाशांची जोडी), मुख्य गेम, आणि दोन्ही मिळून थोडा स्वस्त संच. सातपेक्षा जास्त प्रकारच्या वस्तू ठेवल्या तर माणूस बघत राहतो आणि काहीच घेत नाही.

माल किती, वजन किती

वसुलीच्या आकड्याच्या दीडपट प्रती न्या. वरच्या हिशेबात ४० असतील तर ६०. संपल्या तर नाव-पत्ता आणि पैसे घेऊन नंतर पाठवता येतात. उरलेलं ओझं मात्र तुम्हालाच परत न्यायचं असतं.

वजन आधी काढून ठेवा. ए-५ आकाराचं ३२ पानांचं झाइन, आत ८० जीएसएम (चौरस मीटरला ८० ग्रॅम) कागद आणि २०० जीएसएम मुखपृष्ठ, साधारण ५२ ग्रॅम भरतं. १०० प्रती म्हणजे पाच किलोंच्या वर थोडं. ६३ × ८८ मिलिमीटरचे, ३०० जीएसएमचे ५४ पत्ते ९० ग्रॅम, डबी धरून ११०. हे दोन्ही पाठपिशवीत मावतं. तीस सेंटिमीटर चौरस खोक्याचा मोठा गेम सव्वा-दीड किलोचा असतो, आणि त्याच्या ६० प्रतींना ७५ ते ९० किलो वाहून नेणारी गाडी आणि ढकलगाडी लागते. गेमचं खोकं केवढं करायचं हे ठरवतानाच हा विचार व्हायला हवा. आत निम्मी हवा असलेलं मोठं खोकं दुकानाच्या फळीवर रुबाबदार दिसतं, पण प्रदर्शनात गिऱ्हाईकालाही ते दिवसभर हातात वागवायचं असतं.

झाइनची पानं चारच्या पटीत ठेवा, नाहीतर पिन मारलेल्या पुस्तिकेत कोरी पानं येतात. छापलेला माल प्रदर्शनाच्या तीन आठवडे आधी हातात यायला हवा. आल्या आल्या प्रत्येक गठ्ठ्यातल्या दोन प्रती उघडून पत्ते मोजा.

मुलांसाठीचा गेम असेल तर कायदा वेगळा लागतो. युरोपीय संघात १४ वर्षांखालच्या मुलांनी खेळायची वस्तू खेळणं मानली जाते आणि तिच्यावर सीई खूण, म्हणजे तिथल्या सुरक्षेच्या नियमांत बसत असल्याची खूण, लागते. अमेरिकेत १२ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या वस्तूंना चाचणीचा दाखला लागतो. अनेक खोक्यांवर ‘१४+’ दिसतं त्यामागे हेही कारण असतं. पण नुसता आकडा छापून सुटका होत नाही. चित्रं आणि सोंगट्या लहान मुलांना डोळ्यांपुढे ठेवून केल्यासारख्या असतील तर ते खेळणंच धरलं जातं. परदेशात माल नेणार असाल तर सीमाशुल्काची चौकशी आधी करा. एटीए कार्ने नावाच्या कागदपत्रावर मांडणीचं सामान नेऊन परत आणता येतं, पण विकायचा माल त्यात बसत नाही.

टेबलाची मांडणी

घरात जमिनीवर चिकटपट्टीने १८३ × ७६ चा चौकोन आखा आणि सगळं मांडून बघा. जमलं की फोटो काढून ठेवा. प्रदर्शनाच्या सकाळी तो फोटो बघून ४५ मिनिटांत मांडून होतं.

टेबलक्लॉथ पुढून आणि दोन्ही बाजूंनी जमिनीपर्यंत यायला हवा, म्हणजे खोकी खाली लपतात. ७४ सेंटिमीटर उंचीच्या टेबलाला १८३ अधिक दोन वेळा ७४, म्हणजे ३३१ सेंटिमीटर लांब आणि १५० रुंद कापड लागतं. कडा दुमडून जमिनीपासून दोन सेंटिमीटर वर राहू द्या, नाहीतर कोणाचा तरी पाय अडकतो आणि फासे हॉलभर होतात. काही हॉलमध्ये पेट न घेणारंच कापड चालतं, तेही विचारून घ्या.

नवख्यांची सगळ्यात मोठी चूक म्हणजे सगळं टेबलावर आडवं ठेवणं. दोन मीटरवरून चालणाऱ्या माणसाला आडवं ठेवलेलं मुखपृष्ठ दिसतच नाही. खोकी आणि झाइन उभी करा, मागची रांग रिकाम्या खोक्यांवर किंवा लाकडी पेटीवर चढवून डोळ्यांच्या पातळीला आणा. गेमशेजारी हाताएवढी एक पाटी, तिच्यावर चारच गोष्टी: किती जण, किती मिनिटं, कोणत्या वयापासून, किंमत. कथानक त्यावर नको. प्रत्येक झाइनची एक प्रत ‘चाळून बघा’ अशी चिठ्ठी लावून पुढे ठेवा. चिठ्ठी नसेल तर लोक हात लावायला कचरतात.

टेबलाचा एक तृतीयांश भाग डेमोसाठी रिकामा सोडायचा. तो रिकामा बघून तिथे स्टिकर मांडायचा मोह होतो. आवरा.

डेमो

पूर्ण गेम शिकवू नका. त्या गेममध्ये गंमत येते तो एक निर्णय कोणता, हे आधी ठरवा आणि माणसाला तिसऱ्या मिनिटाच्या आत तिथे आणून सोडा.

समजा ५४ पत्त्यांचा बोली लावायचा खेळ आहे. डेमोला १२ पत्ते पुरतात. ते स्लीव्हमध्ये, म्हणजे पत्त्यांच्या प्लास्टिकच्या पाकिटांत, घाला आणि स्लीव्हच्या पाठीवर एका कोपऱ्यात बारीक पेनाने १ ते १२ आकडे घाला. डेमोत पत्ते पिसायचेच नाहीत. पहिल्या फेरीत प्रत्येकाला एक उघड चांगला पत्ता मिळतो, हात बसतो. दुसऱ्या फेरीत असे दोन पत्ते समोर येतात की एक आत्ता घेतला तर दुसरा शेजारी नेणार. खेळणारा थबकतो, शेजाऱ्याकडे बघतो, हसतो. डेमो इथेच संपला. ‘पूर्ण डावात असं आठ वेळा होतं’, एवढं म्हणा आणि गप्प बसा. गोळा केलेले पत्ते आकड्यांनी लावायला वीस सेकंद लागतात आणि पुढचा गट बसू शकतो.

गप्प बसणं हा भाग सगळ्यांत अवघड. त्या क्षणी बहुतेक डिझाइनर पुढचे नियम सांगायला लागतात, आणि घ्यायला निघालेला माणूस परत विचारात पडतो.

बोलायची सुरुवात ‘तुम्हाला बोर्डगेम आवडतात का?’ अशी करू नका. ‘नाही’ म्हटलं की विषय संपतो. ‘दोघांचा, दहा मिनिटांचा गेम आहे, एक हात खेळून बघता?’ असं विचारा. कोणी खेळायला बसलं की बघायला माणसं थांबतातच, त्यामुळे दुसऱ्या सहकाऱ्याने खेळणाऱ्यांकडे न बघता मागे उभ्या राहिलेल्यांशी बोलावं. टेबल रिकामं असेल तर दोघांनी आपसात खेळत बसावं. मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेल्या विक्रेत्याच्या टेबलावर कोणी येत नाही.

डेमोच्या दोन प्रती न्या, खोक्यावर ठळक ‘डेमो’ लिहून, नाहीतर संध्याकाळच्या घाईत तीच विकली जाते. सुट्या सोंगट्या आणि फासे एका डबीत जास्तीचे ठेवा. पत्त्यांना रबरबँड लावू नका, कडांना खाचा पडतात. कागदी पट्टी गुंडाळा.

रोलप्लेइंगच्या झाइनला असा डेमो जमत नाही. त्यातलं एक पान निवडा, एकच तक्ता, आणि समोरच्याला फासे टाकायला सांगा. जे येईल ते त्याला मोठ्याने वाचू द्या. तक्ता चांगला असेल तर पुढचं काम तोच करतो.

पैसे आणि गल्ला

सुटे पैसे आदल्या दिवशीच आणा. पहिले दहा गिऱ्हाईक सगळ्यात मोठी नोट देतील असं समजून सुट्ट्यांची तयारी ठेवा. गल्ला कंबरेच्या पाऊचमध्ये ठेवावा. टेबलावरची डबी उचलून नेणं फार सोपं असतं.

मोबाइल किंवा कार्डने पैसे घेत असाल तर मोठ्या हॉलमध्ये दुपारी नेटवर्क कोलमडतं हे गृहीत धरा. दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं, २०,००० एमएएचची पॉवरबँक, आणि क्यूआर कोडची प्लास्टिकमध्ये बंद केलेली छापील प्रत. ‘पैसे गेले’ म्हणून दाखवलेल्या स्क्रीनवर विसंबू नका, तुमच्या फोनवर नोंद दिसल्यावरच माल हातात द्या. कार्डवर दोन-तीन टक्के कपात होते, ती किमतीत आधीच धरलेली असावी.

कागदावर तासवार रकाने आखून प्रत्येक विक्रीला रेघ मारा, रोख आणि ऑनलाइन वेगळं. सकाळी बोहनी झाली की पहिली रेघ तिथेच मारायची. ‘नंतर लिहू’ म्हटलेलं लिहून होत नाही. शेजारच्या टेबलवाल्याशी प्रतींची अदलाबदल झाली, समीक्षकाला फुकट प्रत दिली, तर त्यालाही वेगळा रकाना हवा.

घासाघीस होईल. एकदा भाव ठरवला की तोच ठेवा. शेवटच्या तासात ‘अर्ध्या किमतीत’ अशी पाटी लावली तर सकाळी पूर्ण पैसे दिलेला माणूस ती वाचतो, आणि नेहमी येणारे पुढच्या वर्षी शेवटच्या तासाचीच वाट बघतात.

त्या दोन दिवसांत

निदान दोन माणसं हवीत. एकट्याने टेबल लावायचंच असेल तर सकाळीच शेजाऱ्याशी ओळख करून घ्या, दहा मिनिटं लक्ष ठेवायला तोच असतो. सोबतची पेटी अशी भरा: कात्री, दोन प्रकारच्या चिकटपट्ट्या, जाड मार्कर, कापडाला लावायचे आठ चिमटे, रिकाम्या पाट्या, ४० कागदी पिशव्या, पावतीपुस्तक, पाणी, घशाच्या गोळ्या. पायात जुने, सवयीचे बूट. नवे बूट घालून काँक्रीटवर सात तास उभं राहिल्यावर डेमो नीट देता येत नाही.

एखादा दुकानदार येऊन ‘घाऊक भाव काय?’ असं विचारेल. त्याच्यासाठी अर्ध्या पानाचा कागद तयार ठेवा: घाऊक दर, किमान किती प्रती, खोक्यात किती येतात, बारकोड आहे की नाही. तिथेच तोंडी दर ठरवू नका.

गेममध्ये पत्ता कमी निघाला म्हणून कोणी परत आलं तर वाद न घालता डेमोच्या जास्तीच्या सामानातून किंवा फोडलेल्या एका प्रतीतून लगेच द्या. यासाठी एक प्रत फोडायची असं आधीच धरून चालायचं.

आवरल्यावर

त्याच रात्री माल मोजा. नेलेल्या प्रतींतून विकलेल्या, दिलेल्या आणि उरलेल्या वजा केल्या की शून्य यायला हवं. दोन-तीनचा फरक आला तर तो बहुतेक न मारलेल्या रेघांचा असतो. दहाचा आला तर टेबलाखालची खोकी मागून उघडी राहिली होती का ते आठवा. तासवार रकान्यांत कोणत्या तासाला रेघा दाट आहेत ते बघून पुढच्या वेळी दुसऱ्या माणसाला कधी बोलवायचं ते ठरतं. डेमो किती झाले आणि त्यांतले किती विकत घेऊन गेले हा आकडाही लिहा, सुरुवातीच्या हिशेबात तीनपैकी एक धरला होता त्या जागी आता तुमचा स्वतःचा आकडा घालता येईल.

मागे राहिलेल्या ऑर्डरी तीन दिवसांत रवाना करा. चिमटे, कापड आणि पाट्या त्याच पेटीत परत भरून, आत काय संपलंय त्याची चिठ्ठी झाकणावर चिकटवून ठेवा.